टायरची कड

शेंदूर टायरच्या मध्यावर असता तर काहीच बिघडलं नसतं. तो कडेला होता. हे वैजिनाथच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या तोंडात भाजके शेंगदाणे होते, आणि ते चावायचे थांबले. बाकी जगात काही थांबलं नाही. दसऱ्याचा दिवस होता, मोमिनाबादच्या जुन्या रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, मैदानावर शर्यतीला माणसं जमत होती, ताशेवाला ताशा शेकत होता, आणि सुंदररावांची काळी फटफटी लिंबाखाली झेंडूची माळ घालून नवरदेवासारखी उभी होती. आदल्या दिवशी खंडेनवमी होऊन गेलेली. घरोघर विळे, कोयते, काटे, कातऱ्या, तलवार असली तर तलवार, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं गेलं होतं, आणि सुंदररावांच्या घरी दोन फटफट्या. केशरबाईंनी, म्हणजे सुंदररावांच्या मंडळींनी, पूजा मनापासून केली होती. हाती घेतलेलं काम मनापासून करायची त्यांना खोडच होती. करडईच्या तेलात शेंदूर कालवून त्यांनी काळीच्या दोन्ही टायरांना दोन्ही अंगांनी असा पट्टा ओढला होता, की साडीच्या काठाला लाजवावं. मधला भाग तेवढा सोडला होता, कारण तो जमिनीला लागतो आणि देवाचं जमिनीला लागू नये.

मधला भाग जमिनीला लागतो हे केशरबाईंचं बरोबर होतं. पण तो सरळ जाताना लागतो. वळताना गाडी कलते, आणि मग जमिनीला लागते ती कड. ही गोष्ट मोमिनाबादेत एकट्या वैजिनाथला ठाऊक होती. कदाचित अख्ख्या बीड जिल्ह्यात. ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती. मंडीत त्याचं सायकली भाड्याने द्यायचं आणि पंक्चर काढायचं दुकान होतं, बापाचं भुसाराचं दुकान सोडून काढलेलं, त्यामुळे घरात तो वाया गेलेला समजला जाई. सुंदररावांनी पहिली फटफटी आणली तेव्हापासून तिचे टायर त्याच्याकडे आले. त्याने मैदानाच्या गोल रस्त्यावर राख पसरून, तिच्यावरून गाडी नेऊन, टायरवर राख कुठे लागते ते भिंगातून पाहिलं होतं. लिंबापासून तबेल्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोरीने मोजलं होतं, आणि गाडी तेवढं अंतर किती वेळात काटते ते बापाच्या घड्याळावर धरून वेग काढला होता. त्या गोल रस्त्याला तीन वळणं सोपी होती. चौथं भिंतीचं. तिथे एका अंगाला काळ्या दगडाची भिंत, दुसऱ्या अंगाला बायकांच्या बैठकीचा मांडव, आणि मांडवात धूळ जाऊ नये म्हणून भिस्ती तिथे पखाल रिकामी करायचा. बाकी रस्ता मुरमाचा, तिथे काळी माती. तिथला वेग वैजिनाथने ठरवून ठेवला होता: कोरड्यात ताशी अठरा मैल, ओल्यात चौदा, आणि तोही पुढच्या चाकाला खोल नक्षीचं टायर असेल आणि हवा अंगठ्याला जरा मऊ लागत असेल तर. परवा त्याने तेच टायर चढवून गाडी वाड्यावर पोचवली होती. आता त्या नक्षीच्या कडेला, शेंदूर थापून थापून मारुतीचे नाक-डोळे बुजतात तशी, एकही खाच शिल्लक नव्हती. वर तेल. त्याने मनात हिशेब केला आणि आकडा आला दहा. दहा मैलांच्या वर जो कोणी ही गाडी भिंतीच्या वळणात घालील तो भिंतीत जाईल. दाणे पुन्हा चावले जाऊ लागले. ते खवट होते हे त्याला तेव्हा कळलं.

एवढं सांगायला किती वेळ लागतो? ‘मालक, कडेचा शेंदूर पुसायला पाहिजे.’ पाच शब्द. चिंधी त्याच्या खांद्यावरच होती. आणि सुंदरराव समोरच उभे होते, खाकी बिरजीस, डोक्यावर कातडी टोपी, चौसाळ्याकडची तीनशे एकर काळी जमीन चेहऱ्यावर पसरलेली. ते म्हणाले, “काय बे आप्पा, सगळं बघितलंस का? का नुसती हवा भरली?”

भोवतीची माणसं हसली. विनोद जुनाच होता. गेल्या दसऱ्याला शर्यत जिंकल्यावर मांडवासमोर सत्कार झाला तेव्हा सुंदररावांनी आपल्या धाडसावर भाषण केलं होतं, मग वैजिनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, “आणि हा आमचा हवा भरणारा.” भाषणात त्याच्या वाट्याला तेवढंच आलं. त्याआधी चार दिवस त्याने एका कागदावर चारही वळणांचे वेग, वेग उतरवायला अंगठ्याची कळ कुठे ढकलायची, अंग कुठे टाकायचं, असं सगळं सुबक अक्षरात लिहून त्यांना दिलं होतं. रात्रभर जागून. सुंदररावांनी कागद उलटा पाहिला, सुलटा पाहिला, छान हाय म्हणाले, आणि त्यात पान बांधून खिशात टाकलं. शर्यतीच्या दिवशी ते पान त्यांनी वैजिनाथसमोरच सोडून खाल्लं. चुन्याने अठराचा आठ पुसला गेला होता. वैजिनाथला अपमान झाल्यासारखं त्या क्षणी वाटलं नव्हतं. ते नंतर वाटलं, हळूहळू, रोज थोडं थोडं, दुकानात पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे येत, तसं. ‘हवा भरणारा.’ वर्षभर तो माणसांच्या सायकलींत हवा भरत होता आणि प्रत्येक दट्ट्याला ते दोन शब्द आत जात होते.

“बघितलं,” तो म्हणाला.

“नीट?”

“नीट बघितलं मालक. सगळ्यांच्या देखत सांगतो.”

सगळ्यांच्या देखत हे त्याने का जोडलं, हे त्याचं त्याला कळलं नाही. आत काहीतरी थंड, गुळगुळीत झालं आणि त्यावरून शब्द घसरून बाहेर आले. सुंदरराव मांडवाकडे गेले. वैजिनाथ लिंबाला टेकून उभा राहिला आणि त्यांचा कुठला अवयव मोडावा याचा विचार करू लागला. तो वाईट माणूस नव्हता. मान मोडावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. मान मोडली तर दुखवटा येईल, केशरबाई पांढऱ्या होतील, आणि फटफट्या विकल्या जातील. पाय मोडला तर मांडीवरचं बिरजीस फाडावं लागेल, ते बायकांसमोर बरं दिसणार नाही. खूप विचाराअंती त्याने गळ्याजवळचं हाड निवडलं. ते लवकर जुळतं. शिवाय ते मोडलेला माणूस महिनाभर हात गळ्यात बांधून हिंडतो आणि त्याला भेटेल तो विचारतो की कसं झालं. सुंदरराव सांगतील की टायर. मग कुणीतरी विचारील, टायरचं कुणाला कळतं? आणि सगळे मंडीकडे बोट दाखवतील. ‘मालक, मी तुम्हांला कागद दिला होता,’ असं तो अगदी हळू आवाजात म्हणेल. त्या वाक्याने त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

“काय पुटपुटताय आप्पा? मंत्र?” आश्रुबा हिरवी फटफटी ढकलत आला होता. आश्रुबा म्हणजे सुंदररावांचा नोकर. नोकर पुष्कळ होते, पण याची नोकरी वेगळी होती. शर्यत म्हटली की दुसरा माणूस लागतो, आणि दुसरी फटफटी साठ मैलांत कुणाकडे नव्हती, म्हणून सुंदररावांनी दुसरी जुनी गाडी घेतली आणि ती चालवून दुसरं येण्यासाठी आश्रुबाला ठेवलं. त्याचा बाप रिसाल्यात घोड्यांचा मोतद्दार होता, त्यामुळे हे मैदान त्याच्या अंगणासारखं. चाळिशीचा, हडकुळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खुशीत असलेला माणूस. हरण्याबद्दल तो एखाद्या उस्तादासारखा बोले. “सोपं न्हाई आप्पा. लई मागं पडलं की मालकाला वाटतं आपुन एकलेच पळालो. म्हनत्यात, तुला कावून ठेवला बे? अन् लई चिकटून ऱ्हायलं की घरी गेल्यावर बोलत न्हाईत. दोन घोड्यांचं अंतर. लिंबापाशी कळ ढकलायची, भितीच्या वळनाला बैलगाडीवानी जायचं, की बरोबर दोन घोडे.” सात दसरे तो दुसरा आला होता. त्याच्या घरी सात शेले होते, सगळे दुसऱ्या नंबरचे, आणि बायको छबुबाई ते पेटीत घडी घालून ठेवत असे.

“मंत्र न्हाई,” वैजिनाथ म्हणाला. “हवेचा विचार करत होतो.”

“करा करा. तुमी हवेचा इचार करताय म्हनून आमी जमिनीवर हाव,” आश्रुबा म्हणाला. तो हे टोमण्याने म्हणत नव्हता. वैजिनाथला ते माहीत होतं, आणि तरी त्याला क्षणभर आश्रुबाचाही राग आला.

मग मांडवात ती गोष्ट घडली. अध्यक्षपदाला एक म्हातारे रिसालदार बोलावले होते. घोडा गेला आणि जगाची उतरण सुरू झाली, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. गळ्यात हार पडताच त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने विचारलं, “सच बोलिए सुंदरराव, जीतता कौन है? आप, या आपकी काली गाड़ी?” मांडव हसला. बायकांच्या बैठकीतूनही बांगड्या वाजल्यासारखं हसू आलं, त्यात केशरबाईही असाव्यात. सुंदररावांचे कान तांबडे झाले. ते तसेच लिंबाखाली आले, कातडी टोपी डोक्यावर दाबली आणि म्हणाले, “आश्रुबा, तू काळी घे. मी हिरवी चालवतो. बघू दे म्हाताऱ्याला गाडी जिंकती का मानूस.”

“मी? काळी?” आश्रुबाचा आवाज चिरकला.

“हां. अन् मागंच ऱ्हायचं बरं का. इसरशील.”

“कसं इसरंन मालक. सात वर्सं झाली.”

वैजिनाथच्या पायाखालून काही सरकलं वगैरे नाही. जमीन होती तिथेच होती. फक्त त्याला एकदम खूप स्पष्ट दिसायला लागलं: आश्रुबाने काळीच्या बैठकीवर हात फिरवला तो हात, त्याची वाढलेली नखं, झेंडूच्या माळेतलं एक किडकं फूल, पुढच्या टायरच्या कडेवरचा तो केशरी काठ. आता सांगायला पाहिजे, असं कुणीतरी त्याच्या आत म्हणालं, आणि तो वाक्य जुळवायला लागला. ‘आश्रुबा, थांब, टायरला तेल लागलंय.’ मग सुंदरराव म्हणणार, आत्ता कसं लागलं बे? तू तर बघितलं म्हणालास. ‘मालक, आत्ताच ध्यानात आलं.’ मग ते म्हणणार, मी बसणार होतो तवा ध्यानात न्हाई आलं? आणि एवढंच म्हणून ते त्याच्याकडे बघत राहणार. त्या बघण्यापर्यंत पोचून प्रत्येक वाक्य थांबत होतं. त्याने तिसरं जुळवलं, त्यात सगळा दोष केशरबाईंवर जात होता, तेही सणाच्या दिवशी, भर मैदानात. चौथं वाक्य चांगलं होतं पण लांब होतं. पाचवं जुळवता जुळवता त्याला एक दिलासा सापडला आणि तो त्याने दोन्ही हातांनी धरला. आश्रुबा लिंबापाशी कळ ढकलतो. सात वर्षं ढकलतो. भिंतीच्या वळणात त्याचा वेग वैजिनाथने कित्येकदा मोजला होता: नऊ, फार तर साडेनऊ. आकडा दहा होता. हरण्याचा वेग दहाच्या आत होता. म्हणजे ही गाडी जगात एकच माणूस सुखरूप चालवू शकत होता, आणि नेमका तोच तिच्यावर बसत होता. याला वैजिनाथ मनातल्या मनात ईश्वरी योजना म्हणाला. त्याला घाम आला होता.

तरी त्याने चिंधी काढली. हे पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की मी चिंधी काढली होती. “जरा हवा बघतो,” असं म्हणून तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि कडेवर अंगठा दाबला. शेंदूर अंगठ्याला आला, खालचं रबर दिसलं. एक वीतभर पुसलं असेल नसेल, वरून आश्रुबाचा आवाज आला.

“ऱ्हाऊ द्या आप्पा. पुसू नका. बाईसाहेबांनी हातानं केलंय. माझ्या जल्मात कुनी माझ्यासाठी पूजा केलेली गाडी न्हाई.”

“तुझ्यासाठी कुठं केली? मालकासाठी केली.”

“ते हायच. पर बसतोय तर मीच न्हवं?” आणि तो हसला. मांडवाच्या कनातीआडून केशरबाई बघत होत्या. वैजिनाथने चाक जरा फिरवलं, पुसलेली जागा खाली गेली. तो उठला. अंगठा त्याने धोतराला पुसला आणि मग धोतरावरचा डाग उपरण्याने झाकला. “आश्रुबा,” तो म्हणाला.

“जी?”

“लिंबापाशी कळ ढकलायची. विसरू नको.”

“तुमी बी मालकावानीच बोलाय लागले,” आश्रुबा म्हणाला आणि त्याने लाथ मारून गाडी सुरू केली.

तीन फेऱ्यांची शर्यत होती. पहिल्या फेरीत हिरवी खोकत पुढे गेली आणि काळी मागे, मुठीत धरलेल्या पाखरासारखी. लिंबापाशी आश्रुबाने कळ ढकलली. वैजिनाथने घड्याळ धरलं होतं: नऊ. दुसऱ्या फेरीला सव्वानऊ, पण वळणातून निघताना मागचं चाक किंचित हललं, झोपेत माणसाचा पाय हलतो तसं. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. आता एकच फेरी, वैजिनाथ म्हणाला, एकच. लोक ओरडत होते. त्यांना गंमत दिसत होती, की चांगली गाडी रडक्या गाडीच्या मागे का रांगते आहे. “ए आश्रुबा, ढकलू का मागनं?” असं कुणीतरी म्हणालं, आणि म्हाताऱ्या रिसालदारांनी मांडवातून आपल्या ठेवणीतल्या आवाजात, घोड्याला देतात तशी हाळी दिली. आश्रुबाच्या बापाने उभा जन्म त्या हाळीवर घोडे आणून उभे केले होते. तिसऱ्या फेरीत समोरच्या सरळ रस्त्यावर काळी हिरवीच्या बरोबरीला आली, आणि मग, वैजिनाथ बघत असताना, पुढे गेली. दोन घोडे. तीन. लिंबाखाली तो उभाच होता. आश्रुबा त्याच्यापासून दहा हातांवरून गेला. तोंड उघडं होतं आणि त्यात दात होते, आणि कळेवरचा अंगठा हलला नाही. वैजिनाथने घड्याळ बघितलं. हे सवयीने झालं. सतरा, तो मनात म्हणाला, सतरा तर चांगल्या टायरलाही जास्त होतात ओल्यात. तेवढ्यात भिंतीचा आवाज आला.

सुंदररावांना काही कळलं नाही. ते हिरवीवरून पडलेल्या गाडीला वळसा घालून, रेषा ओलांडून, हात उंच करून मांडवापर्यंत गेले आणि सवयीने हारासाठी मान वाकवून उभे राहिले. हार द्यायला कुणी जागेवर नव्हतं.

आश्रुबाचा डावा पाय गुडघ्याखाली गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला होता. त्याला तबेल्याच्या ओसरीत बाजेवर आणून टाकलं. हाडवैद्याला बोलवायला माणूस गेला. सरकारी डॉक्टर सणाला गावी गेलेले. पायाकडे बघितलं की कळत होतं की हाडवैद्य आला तरी नमस्कार करून परत जाईल. आश्रुबाचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण बोलणं ठीक होतं. त्याने हाताने वैजिनाथला जवळ बोलावलं.

“आप्पा, टायरला कुनी काय बोललं का?”

“न्हाई.”

“बोलू देऊ नका. म्या सांगतो सगळ्यास्नी. तुमचं टायर लई चांगलं होतं.” त्याने दम घेतला. “म्या इसरलो न्हवतो. लिंब आला, तुमी दिसले, कळ बी दिसली. ढकललीच न्हाई. म्हनलं एकडाव बघावं कसं असतं. मालकाचं मीठ खाऊन. देवानं तिथंच दाखवलं.”

वैजिनाथच्या तोंडात आता शब्द होते. सगळे होते. पाचवं वाक्यसुद्धा पूर्ण झालं होतं आणि त्यात काही खोट नव्हती. ओसरीत ते दोघेच होते. तो बाजेच्या कडेवर बसला आणि त्याने आश्रुबाचा हात हातात घेतला.

“ढकलायला पाहिजे होतीस,” तो म्हणाला.

“व्हय,” आश्रुबा म्हणाला आणि डोळे मिटून मान हलवली. “छबुला तुमीच सांगा. ती मालकाच्या दारात जाऊन बोंब मारंल, बाईसाहेबांना बोलंल. तुमचं ऐकंल ती. शिकलेले हाव तुमी.”

छबुबाई तबेल्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. वैजिनाथ तिच्यासमोर उभा राहिला आणि सांगू लागला. आधी अडखळला, मग लागली लय. वळणात गाडी कलते कशी, कलली की टायरची कड जमिनीला लागते कशी, ओल्या काळ्या मातीत चौदा मैलांच्या वर जायचं नाही आणि आश्रुबा सतराने गेला. त्याने काडीने मातीत वळण काढून दाखवलं. इथे लिंब, इथे भिंत, इथे कळ ढकलायची. भोवती माणसं गोळा झाली, मागे सुंदरराव टोपी हातात घेऊन उभे राहिले, रिसालदारही काठी टेकत आले, आणि सगळे मान खाली घालून त्या काडीकडे बघत राहिले. कुणी हसलं नाही. वैजिनाथचा आवाज स्थिर होत गेला. इतकं नीट त्याने आयुष्यात कुणाला काही समजावून दिलं नव्हतं.

“म्हंजे त्यांचंच चुकलं,” छबुबाई म्हणाली.

“वेग चुकला.”

तिने मातीतल्या त्या भिंतीवर बोट ठेवलं. मग तिने मान वर केली. “अन् टायर? टायर बघितलं होतं कुनी?”

“मी बघितलं होतं,” वैजिनाथ म्हणाला.

“मंग बरं,” छबुबाई म्हणाली, आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली. मागून सुंदररावांनी विचारलं, “आप्पा, भितीच्या वळनाला किती म्हनलास?” वैजिनाथने काडी पुन्हा उचलली.